क्यूबोसोम बायलेयरवरून सुटले, म्हणजे काहीच घडलं नाही?

पापुद्रा: नमस्कार मंडळी. मोनोओलिन या लिपिडचे (स्निग्ध पदार्थाचे) क्यूबोसोम, म्हणजे आतून जाळीदार कण, प्लुरोनिक एफ-१२७ या पॉलिमरने स्थिर केलेले, साधारण १५० नॅनोमीटर. क्यूसीएम-डीच्या (कंपनांवरून वर बसलेलं वजन मोजणाऱ्या यंत्राच्या) सिलिका सेन्सरवर पीओपीसी या लिपिडचा बायलेयर, म्हणजे पेशीच्या पडद्यासारखा दुहेरी थर, छान बसतो: फ्रिक्वेन्सी (वजन वाढलं की उतरते) उणे २६ हर्ट्झ, डिसिपेशन (थर मऊ असला की वाढतं) जवळजवळ शून्य. क्यूबोसोम सोडले की फ्रिक्वेन्सी झपकन खाली, डिसिपेशन वर. पण बफर फिरवण्याआधीच दोन्ही आपोआप माघारी येतात. गाईड म्हणतात, 'इंटरॅक्शन नाही' असं लिहून टाक. मला पटत नाहीये.

हर्ट्झवाला: नुसत्या एफ-१२७चा, कणांशिवाय, ब्लँक (तुलनेचा प्रयोग) घेतलात का? त्याच तापमानाला हवा. गरम झालं की एफ-१२७ बऱ्याच कमी प्रमाणातही मायसेल (रेणूंचे पुंजके) करतो.

पापुद्रा: घेतलाय, दोन्ही ३७ अंशांना. फरक नगण्य.

जडपाणी: मग ते वाक्य अजिबात लिहू नका. क्यूसीएम-डी वजन सांगतं, पदार्थ ओळखत नाही. आणि त्या वजनात अडकलेलं पाणीही आलं. तुमचा आलेख एवढंच म्हणतो की कण पाण्यासकट सुटले. जाताना मोनोओलिन ठेवून पीओपीसी घेऊन गेले असतील तर? आकडा जवळपास तोच राहील. मोनोओलिनच्या कणांत अशी अदलाबदल न्यूट्रॉन रिफ्लेक्टोमेट्रीने (परावर्तित न्यूट्रॉनवरून थरात काय आहे ते सांगणाऱ्या पद्धतीने) दिसलेली आहे.

बायलेयर डी-५४ डीएमपीसीचा (शेपट्यांत हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या लिपिडचा) करा (३० अंशांच्या वर, नाहीतर गोठण्याची भीती). साध्या हायड्रोजनचं मोनोओलिन आत शिरलं की शेपट्यांच्या थराची स्कॅटरिंग लेंग्थ डेन्सिटी (थर न्यूट्रॉन किती विखुरतो ते माप) सरळ उतरते. ग्रेनोबलच्या आयएलएलला किंवा इंग्लंडच्या आयसिसला, या न्यूट्रॉन केंद्रांना, प्रपोजल टाका. तोवर कॅल्सीन (चमकणारा रंग) भरलेल्या व्हेसिकलवर, म्हणजे लिपिडच्या पोकळ फुग्यांवर, गळती बघा. रंगीत लिपिडवर फार विसंबू नका, रंग एकटाच उडी मारतो आणि लोक त्याला फ्यूजन (कण आणि पडदा एकजीव होणं) म्हणून छापतात!

आणि पेशीबद्दल एक अक्षरही नको. पीओपीसीत ना कोलेस्टेरॉल, ना प्रथिनं. ऑनपॅट्रो या लिपिड कणांतून दिल्या जाणाऱ्या औषधात पीईजी-लिपिडच्या (कणावरच्या पॉलिमर जोडलेल्या लिपिडच्या) शेपट्या मुद्दाम १४ कार्बनच्या ठेवल्यात, रक्तात ते गळून पडावं म्हणून. मग कणावर एपीओ-ई हे रक्तातलं प्रथिन बसतं आणि यकृताच्या पेशी त्यावरून कण उचलतात. म्हणजे तिथे पॉलिमर सुटणं हाच अर्धा खेळ. तुमचा एफ-१२७ सीरममध्ये कणावर टिकतो का, हे कुणी पाहिलंय?

पापुद्रा: नाही पाहिलं. डी-५४ची किंमत ऐकून गाईड काय म्हणतील देव जाणे. आधी कॅल्सीन लावते.