शब्दचर्चा: ‘ईझ इन’ म्हणजे गाडी सुटताना की लागताना?

नौपाडा:
मराठी माध्यमातून आलेली मुलं मोशन ग्राफिक्स (पडद्यावर अक्षरं आणि आकृत्या हलवण्याचं काम) शिकायला बसतात, त्यांच्यासाठी शब्दसूची करतो आहे. ‘मोशन ग्राफिक्स’ हे नाव तसंच ठेवलं आहे. ‘चलचित्र’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमा येतो. पहिली खरी अडचण ‘ईझ इन’ आणि ‘ईझ आउट’ची, म्हणजे हालचालीच्या टोकांना वेग एकदम न बदलता सावकाश बदलण्याची. शब्दशः ‘अंतर्सुलभन’ करता येईल, पण ते वाचून कुठल्या खुणेवर काय करायचं हे कुणालाही कळणार नाही. शिवाय कीफ्रेम (वस्तू अमुक क्षणी कुठे, कशी असेल हे ठरवणारी खूण), अँकर पॉइंट (वस्तू ज्याभोवती फिरते, फुगते तो बिंदू), निगेटिव्ह स्पेस (वस्तूंभोवती सोडलेली जागा), लोअर थर्ड (पडद्याच्या खालच्या भागात येणारी नावाची पट्टी), टायटल सेफ (अक्षरं कापली जाऊ नयेत म्हणून कडेपासून सोडायची हद्द) हेही आहेत. ‘कॉम्पोझिशन’ला तर दोन अर्थ आहेत. कुणी काय वापरता?

पारसिक:
ईझपासून सुरू करू, कारण तिथे इंग्रजी शब्दच घोटाळ्याचा आहे. आफ्टर इफेक्ट्स या मोशन ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ईझी ईझ इन’ म्हणजे कीफ्रेमकडे येतानाचा वेग मंदावणं. ‘ईझी ईझ आउट’ म्हणजे कीफ्रेमवरून निघतानाचा वेग सावकाश वाढणं. ‘इन’ आणि ‘आउट’ इथे कीफ्रेमच्या संदर्भात आहेत, पूर्ण हालचालीच्या नाही. हे सांगितलं नाही तर मुलं कायम उलटं करतात.

मराठीत आपल्याकडे तयार शब्द आहेत: गाडी सुटते आणि गाडी लागते. ठाण्याच्या फलाटावर उभं राहून लोकल बघितली आहे अशा कुणालाही दोन्ही गती तोंडपाठ असतात. सुटताना डबा आधी जेमतेम हलतो, मग वेग घेतो. लागताना वेग ओसरत जातो आणि शेवटचं अर्धं मीटर तर सरपटल्यासारखं जातं. म्हणून माझा प्रस्ताव: ‘सुटताना संथ’ आणि ‘लागताना संथ’. दोन शब्दांचे झाले तरी चालेल, कारण कुठे आणि काय, दोन्ही त्यात आहे. विंडोजवर एफ ९ दाबलं की दोन्हीकडे संथ, शिफ्ट एफ ९ म्हणजे लागताना संथ, कंट्रोल शिफ्ट एफ ९ म्हणजे सुटताना संथ.

ऐरोली फलाट:
याला जोरदार अनुमोदन, आणि त्यामागे व्यवहारातलं कारण आहे. वेबच्या सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) ‘ईझ-इन’चा अर्थ नेमका उलटा आहे. तिथे ‘इन’ म्हणजे हालचालीची सुरुवात. ईझ-इनची वक्ररेषा (कुठल्या वेळी किती हालचाल झाली ते सांगणारी) ०.४२, ०, १, १ अशी चार आकड्यांत लिहितात: सुटताना संथ, शेवटी पूर्ण वेगात थडकणारी. ईझ-आउट ०, ०, ०.५८, १: लागताना संथ. डिझायनर नोंदीत ‘ईझ इन’ लिहितो, महापे-ऐरोलीत बसलेला डेव्हलपर त्याच्या अर्थाने ते बरोब्बर वापरतो, आणि स्क्रीनवर आलेलं कार्ड जागेवर बसण्याऐवजी आपटतं. दोघांपैकी कुणीही चुकलेलं नसतं. नोंदीत ‘लागताना संथ, ३०० मिलिसेकंद’ लिहिलं तर दुसरा अर्थ निघूच शकत नाही. वक्ररेषेचे चार आकडेही सोबत द्यावेत.

उपवन:
शब्द छान आहेत, पण ‘गाडी लागणे’चा दुसरा अर्थ विसरू नका. घाटात गाडी लागते तेव्हा लिंबू हुंगावं लागतं. शब्दसूचीत नुसतं ‘लागणे’ टाकलं तर अर्थ भरकटेल. ‘फलाटाला लागणे’ असा पूर्ण प्रयोग एकदा व्याख्येत द्या, मग पुढे ‘लागताना’ म्हटलेलं चालेल.

पारसिक:
बरोबर, व्याख्येत तसंच लिहू. आणि मग कीफ्रेमसाठी ‘स्थानक’ घ्यावं असं वाटतं. ‘कळचौकट’ नको, ‘मुख्य चौकट’ निर्जीव आहे. नाट्य-नृत्याच्या परिभाषेत स्थानक म्हणजे उभं राहण्याची ठरलेली ठेवण. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये मुख्य चित्रकार आधी अशाच ठेवणी काढायचा आणि मधली चित्रं मदतनीस भरायचे. ‘की’ शब्द तिथूनच आला. आता मधली चित्रं संगणक भरतो. शिवाय शिलाहारांच्या लेखांत आपलं ठाणं ‘श्रीस्थानक’च आहे, हा योग मला मोलाचा वाटतो.

एकदा स्थानक घेतलं की बाकीचं आपोआप जुळतं. होल्ड कीफ्रेम म्हणजे ‘मुक्काम’: पुढच्या स्थानकापर्यंत किंमत (जागा, आकार वगैरेंचा आकडा) बदलतच नाही आणि तिथे एकदम उडी घेते. कंट्रोल ऑल्ट एच. रोव्हिंग कीफ्रेमला ‘न थांबणारं स्थानक’. जलद गाडी नाहूर, कांजूरमार्गवरून जाते पण थांबत नाही, तसं वस्तू त्या जागेवरून जाते, पण कधी जायचं ते वेळेच्या पट्टीवर बांधलेलं नसतं, त्यामुळे वेग एकसारखा राहतो. हे फक्त पोझिशनसारख्या जागा दाखवणाऱ्या गुणांना लागू पडतं, आणि पहिलं व शेवटचं स्थानक तसं करता येत नाही.

नौपाडा:
स्थानक घेतलं. पण ‘संथ’ म्हणजे किती संथ, हे मुलांना आकड्यात दाखवता येईल का?

पारसिक:
येईल. १९२० बाय १०८० पिक्सेलचा कॉम्प (आफ्टर इफेक्ट्समधली कामाची चौकट), सेकंदाला २५ फ्रेम. १०० पिक्सेलचा चौकोन. शून्याव्या फ्रेमला एक्स (डावीकडून अंतर) ३००, पंचविसाव्या फ्रेमला एक्स १६२०. अंतर १३२० पिक्सेल, वेळ १ सेकंद. काहीच केलं नाही तर दर फ्रेमला ५२.८ पिक्सेल, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती ‘सपाट गती’. यंत्रासारखी दिसते, कारण वजन असलेली कुठलीही वस्तू पहिल्या क्षणाला पूर्ण वेगात नसते.

आता दोन्ही स्थानकं निवडून एफ ९. प्रभाव (इन्फ्लुअन्स, म्हणजे स्थानकाजवळचा संथपणा किती लांबवर पसरतो) ३३.३३ टक्के पडतो. पहिल्या फ्रेमला चौकोन फक्त ६ पिक्सेल सरकतो, मध्यावर फ्रेमला ७९ पिक्सेल जातो. म्हणजे मधला वेग सरासरीच्या दीडपट. वेळ आणि अंतर तेच आहे. सुटताना आणि लागताना जे वाचवलं ते मध्ये भरून काढावंच लागतं. हे वाक्य सूचीत ठळक द्या. पुष्कळ जण ‘संथ’ केल्यावर हालचाल एकूणच हळू होईल असं समजतात आणि मग ती मध्ये घाईची का दिसते म्हणून गोंधळतात.

ऐरोली फलाट:
यात एक भर. ग्राफ एडिटरमध्ये दोन आलेख असतात आणि मुलं हमखास एकाला दुसरा समजतात. ‘किंमत-आलेख’ सांगतो वस्तू कुठे आहे. ‘वेग-आलेख’ सांगतो किती वेगात आहे. वरच्या उदाहरणात वेग-आलेख टेकडीसारखा दिसेल, दोन्ही टोकांना शून्य. किंमत-आलेख लांबट ‘एस’ दिसेल. शिकवताना आधी वेग-आलेखच उघडा.

दोन्ही टोकांचा प्रभाव ८० टक्के केला, जे हल्ली सगळीकडे ‘चटपटीत’ दिसावं म्हणून करतात, तर मधला वेग सरासरीच्या ५ पट होतो. बारावी ते तेरावी फ्रेम या एकाच पावलात चौकोन सुमारे २५० पिक्सेल उडतो. तो स्वतः १०० पिक्सेलचा आहे, म्हणजे दोन चित्रांमध्ये १५० पिक्सेलची फट राहते आणि डोळ्याला तुटक, थरथरती हालचाल दिसते. ३३ टक्क्यांना पावलं ७९ ची होती, चौकोन स्वतःवरच थोडा चढत होता, म्हणून सलग वाटत होता. उपाय तीन: वेळ वाढवा, प्रभाव ५० ते ६० वर आणा, नाहीतर मोशन ब्लर (हालचालीमुळे येणारा धूसरपणा) लावा. मोशन ब्लरला ‘फराटा’ म्हणावं. कुंचल्याचा फराटा सगळ्यांना माहीत आहे, आणि दिसतोही तसाच.

नौपाडा:
फराटा! नोंदवला. आता ‘कॉम्पोझिशन’.

खाडीकाठ:
दोन अर्थ दोन शब्दांत वेगळे करा. आफ्टर इफेक्ट्समधली कामाची चौकट ती ‘कॉम्प’, ते तसंच राहू दे, सगळे तेच म्हणतात. चित्रातली ती ‘मांडणी’. ‘रचना’ही चालेल, पण मांडणीत हात दिसतो: वस्तू उचलून कुठेतरी ठेवणं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट रेखाकला परीक्षा दिलेल्या मुलांकडे ‘संकल्पचित्र’, ‘अक्षरलेखन’ हे शब्द आधीपासून असतात, त्यांच्याशी हे सहज जोडलं जातं.

निगेटिव्ह स्पेसला ‘ऋण अवकाश’ कृपा करून नको. ‘रिकामी जागा’ही पटत नाही, रिकामी म्हणजे काहीतरी भरायचं राहून गेलं, आणि ग्राहक लगेच तिथे फोन नंबर टाकायला सांगतो. ‘मोकळी जागा’ म्हणा. मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते. तलावपाळीवर संध्याकाळी पाण्यात एकच होडी असली तरी नजर तिच्यावरच जाते, ती भोवतीच्या मोकळ्या पाण्यामुळे.

काँट्रास्टला चित्रकारांचा शब्द आहे ‘उठाव’. ‘इथे उठाव कमी पडतोय’ म्हटलं की काय करायचं ते लगेच कळतं: रंगाआधी उजेड-अंधारातला फरक वाढवायचा. तपासायला फ्रेम राखाडी करून बघावी, नाहीतर डोळे बारीक करून. लाल पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरं रंगीत असताना भडक वाटतात आणि राखाडीत बऱ्याचदा गायब होतात.

रूल ऑफ थर्ड्सला, म्हणजे चौकटीचे उभे-आडवे तीन समान भाग करून त्या रेषांवर वस्तू ठेवण्याला, ‘तिभागणी’. १९२० बाय १०८० मध्ये उभ्या रेषा ६४० आणि १२८० वर, आडव्या ३६० आणि ७२० वर. माणूस उजवीकडे बघत असेल तर त्याला ६४० वर ठेवा, नजरेपुढे मोकळी जागा राहते. १२८० वर ठेवलात तर तो चौकटीच्या कडेवर नाक टेकून उभा असल्यासारखा दिसतो. हालचालीलाही हेच लागू: वस्तू जिकडे जाणार तिकडे जागा सोडा.

ऐरोली फलाट:
टायटल सेफला ‘समास’ शब्द कसा वाटतो? वहीत समास सोडून लिहायला शाळेतच शिकलेलो असतो. अक्षरांसाठी ‘अक्षरसमास’, हालचालीसाठी ‘हालचालसमास’. आफ्टर इफेक्ट्सच्या मूळ सेटिंगमध्ये अक्षरसमास एकूण २० टक्के असतो, म्हणजे १९२० च्या रुंदीत दोन्ही बाजूंना १९२ पिक्सेल आणि वर-खाली १०८. तो जुन्या टीव्हीच्या हिशेबाचा आहे. युरोपीय प्रक्षेपण संघाच्या एचडीच्या शिफारशीत अक्षरांसाठी प्रत्येक बाजूला ५ टक्के पुरतात: ९६ आणि ५४. मोबाइलच्या उभ्या व्हिडिओत मात्र खालचा समास बराच जास्त सोडा, तिथे ॲपची बटणं आणि मजकूर बसतो.

लोअर थर्डला वृत्तवाहिन्यांत ‘ॲस्टन’ म्हणतात, ते ॲस्टन या ब्रिटिश अक्षरयंत्राच्या नावावरून. न्यूजरूममध्ये जाणाऱ्या मुलाला तो शब्द माहीत असलाच पाहिजे. बाकीच्यांसाठी ‘नामपट्टी’. आत यायला १२ ते १५ फ्रेम, लागताना संथ. जायला ८ ते १०, सुटताना संथ. मध्ये नाव दोनदा सावकाश वाचून होईल इतका मुक्काम.

उपवन:
अँकर पॉइंट राहिला. ‘नांगरबिंदू’ कुणी लिहू नये. ‘खिळा’. कॅलेंडर खिळ्याभोवती झुलतं. खिळा सरकवला की झुलणं बदलतं. डावीकडून सुरू होणाऱ्या मजकुराचा खिळा पहिल्या अक्षराच्या डाव्या बुडाशी असतो, म्हणून स्केल केल्यावर नाव जागेवर न फुगता उजवीकडे-वर पळतं. कंट्रोल ऑल्ट होम दाबलं की खिळा मध्ये येतो. हे स्थानकं टाकण्याआधी करायचं, नंतर केलं की आधीचं गणित बिघडतं.

नौपाडा:
अँटिसिपेशनला ‘पवित्रा’ लिहिलं आहे, उडी मारण्याआधी दबणं या अर्थाने. कुणी ‘हूल’ सुचवली होती.

खाडीकाठ:
पवित्राच ठेवा. खो-खोत हूल देतात ती फसवायला, जायचं एकीकडे आणि दाखवायचं दुसरीकडे. अँटिसिपेशन बघणाऱ्याला फसवत नाही, उलट पुढे काय होणार याची सूचना देतं. ४ ते ६ फ्रेम, मुख्य हालचालीच्या उलट दिशेला, अंतराच्या दहाव्या भागाइतकं. त्याहून जास्त झालं की खरोखर हूल वाटते.

पारसिक:
सूचीत देवनागरीसाठी एक वेगळा भाग ठेवा, ते इतर कुठे मिळत नाही. मजकूर युनिकोडमध्येच घ्या. जुन्या डीटीपी फाँटमधला चिकटवला तर चिन्हांचा कचरा येतो. जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटत असतील तर प्रेफरन्सेसच्या टाइप भागात दक्षिण आशियाई मजकुराचं इंजिन निवडा आणि लेयर नव्याने टाइप करा. ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं की शिरोरेषा तुटते, म्हणून ते शून्यावर ठेवा. अक्षरं पसरलेली हवी असतील तर तसा रुंद फाँट निवडा. ओळींमधलं अंतर रोमन लिपीला १२० टक्के पुरतं, आपल्याला १४० ते १५० लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराला भिडतो.

नौपाडा:
आणि अक्षरं एकेक करून आणायची असतील तर? मुलांना तोच परिणाम सर्वांत जास्त आवडतो.

पारसिक:
एकेक अक्षर नको. वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर असं होतं, शिवाय अपारदर्शकता अक्षरागणिक बदलली की शिरोरेषेच्या सांध्यांवर गडद ठिपके दिसतात, कारण तिथे दोन अक्षरं एकमेकांवर चढलेली असतात. रेंज सिलेक्टरच्या (मजकुराचा कुठला भाग हलायचा ते ठरवणाऱ्या सोयीच्या) ॲडव्हान्स्ड भागात ‘बेस्ड ऑन’ला ‘वर्ड्स’ करा, शब्द येऊ द्या. अक्षरांना बाहेरून रेघ दिली असेल तर त्याच सांध्यांवर ती आतून डोकावते. कॅरेक्टर पॅनलमध्ये ‘ऑल फिल्स ओव्हर ऑल स्ट्रोक्स’ निवडलं की जाते.