प्रतिसाद: ओसाड घरं कुणाची?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्याच्या पश्चिम अंगाची पडकी घरं पोटासाठी मुंबईला गेलेल्यांची, असं ज्या लेखाला हा प्रतिसाद आहे त्यात म्हटलंय. काही वाड्या-वस्त्यांबाबत ते खरंच आहे. पण चांदोलीच्या रानात उरलेल्या घरांच्या जोत्यांना हे लागू होत नाही. तो भाग १९८५ साली अभयारण्य आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाला. तिथली माणसं पोटासाठी गेली नाहीत, त्यांना उठवलं गेलं.

आणि घरं 'पडली' म्हणणंही पुरतं बरोबर नाही. माझ्या मावशीचं सासर तिकडचंच. तिचे सासरे सांगायचे, निघताना लोकांनी कौलं, वासे, तुळया, चौकटीसुद्धा काढून नेल्या, नव्या जागी उभं राहायचं तर लाकूड आणायचं कुठून? छप्पर गेलं की मातीच्या भिंती तिथल्या पावसात कितीशा टिकणार! म्हणून आज फक्त दगडी जोतं दिसतं. जमिनीत पुरलेलं उखळ मात्र कुणाला उचलता आलं नाही. पालापाचोळा बाजूला केला की त्याचं गुळगुळीत तोंड दिसतं, आणि स्वयंपाकघर कुठं होतं ते कळतं. परड्यातले आंबा-फणस अजून धरतात. तिथं गेलात तर कृपा करून जोत्यावर चुली मांडू नका, त्या घरांची माणसं अजून हयात आहेत.