एड्रियन यांनी नेमके काय दाखवून दिले?

प्रश्न : एका चेतातंतूतील प्रत्येक आवेग (तंतूतून जाणारा क्षणिक विद्युत संदेश) सारख्याच उंचीचा असेल, तर हळुवार स्पर्श आणि जोराचा दाब यांतील फरक मेंदूला कसा कळतो? ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडगर एड्रियन यांनी याचा उलगडा केला, असे वाचले. कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद १ : फरक वारंवारतेत, म्हणजे दर सेकंदाला किती आवेग येतात यात, असतो. एड्रियन आणि स्वीडनचे झोटरमन यांनी केंब्रिज येथे बेडकाच्या स्नायूला ताण देऊन एकाच संवेदी तंतूतील आवेग टिपले. ताण वाढवला की आवेग मोठे होत नाहीत, अधिक भराभर येतात, असे त्यांनी १९२६ मध्ये मांडले. शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांच्यासह १९३२ चे वैद्यकाचे नोबेल एड्रियन यांना मिळाले.

प्रतिसाद २ : यात एड्रियन यांचे गुरू कीथ लुकास यांचा वाटा मोठा आहे, आणि तो हमखास विसरला जातो. ते १९१६ मध्ये विमान अपघातात दगावले. त्यांचे काम एड्रियन यांनी पुढे नेले.

प्रतिसाद ३ : एकदा अंधाऱ्या खोलीत भेकाच्या (बेडकासारख्या एका प्राण्याच्या) डोळ्याच्या चेतेवर आवेग टिपणारी विद्युतअग्रे लावलेली असताना, ते आवेग आवाजाच्या रूपात ऐकवणाऱ्या ध्वनिक्षेपकातून मध्येच खरखर येऊ लागली. एड्रियन बुचकळ्यात पडले. मग लक्षात आले, की ते स्वतः हलले की आवाज येतो, कारण भेकाच्या नजरेच्या टप्प्यात तेच होते!