हँडिकॅप लीगमध्ये मोसमातला 'सर्वोत्तम बोलर' कोण?

लेन_सात
धागा टेनपिन बोलिंगचा आहे, क्रिकेटवाल्यांनी माफ करावं. इथे न्यू जर्सीत आमची गुरुवारची हौशी लीग असते. चौघांचे संघ, रात्रीचे तीन गेम, हँडिकॅप २२० च्या हिशेबाने ९० टक्के. म्हणजे २२० मधून तुमची सरासरी वजा करायची आणि उरेल त्याचे ९० टक्के दर गेमला वरून मिळवायचे. १९० सरासरीवाल्याला २७ पिना, १३० वालीला ८१.

आता टूम निघाली आहे की मोसमाअखेरचं वैयक्तिक बक्षीसही हँडिकॅप धरूनच द्यायचं. माझा विरोध आहे. हँडिकॅप संघांचे सामने चुरशीचे व्हावेत म्हणून असतो. सरासरी दर आठवड्याला बदलते आणि तिच्यामागोमाग हँडिकॅपही, त्यामुळे मोसमभराचा हिशेब केला तर १९० वाला २१७ वर येतो आणि १३० वाली २११ वर. ६० पिनांचं अंतर ६ वर! उद्या कुणी ९० टक्क्यांऐवजी १०० टक्के केले की सगळेच २२० च्या आसपास. मग पुढे कोण राहणार? ज्याची सरासरी मोसमात चढत गेली तो, कारण हँडिकॅप कायम मागच्या गेमांवरून ठरतो. द्या ना त्याला बक्षीस, पण त्याला 'सर्वाधिक सुधारणा' म्हणा.

स्पेअरवाली
साफ असहमत. १९० वाला कोण आहे हे पहिल्याच गुरुवारी सगळ्यांना ठाऊक असतं. स्वतःचे तीन-तीन बॉल चाकांच्या बॅगेतून ओढत आणणारा माणूस तो! निव्वळ स्क्रॅच, म्हणजे हँडिकॅप न मिळवलेल्या, सरासरीवर बक्षीस द्यायचं तर सप्टेंबरातच देऊन मोकळे व्हा.

एका रात्रीचं उदाहरण घ्या. त्याचे २०१, १८८, १९६, एकूण ५८५. तिचे १४९, १२८, १५२, म्हणजे ४२९. हँडिकॅप मिळवून तो ६६६, ती ६७२. तिने स्वतःच्या सरासरीपेक्षा ३९ पिना जास्त पाडल्या, त्याने १५. चांगलं कोण खेळलं?

लेन_सात
त्या रात्री ती, वादच नाही. मी मोसमाचं बोलतोय.

गटरसम्राट
दोघंही फार सज्जन आहात राव. सँडबॅगिंगचं काय? सुरुवातीचे तीन आठवडे हात आखडता घ्यायचा, सरासरी पाडायची आणि मग हँडिकॅपवर स्वार व्हायचं. यूएसबीसीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेच्या, नियमांत याला बंदी आहे, पण सामना हातात असताना दहाव्या म्हणजे शेवटच्या फ्रेममध्ये (पाळीत) हुकलेला स्पेअर (पहिल्या चेंडूत उरलेल्या पिना दुसऱ्यात पाडणं) मुद्दाम हुकवला की खरंच हुकला, हे सिद्ध कोण करणार? निदान वैयक्तिक बक्षीस तरी या भानगडीपासून लांब ठेवा.

स्पेअरवाली
एका गिफ्ट कार्डासाठी कुणी तीन आठवडे स्वतःच्या संघाच्या शिव्या खात असेल तर त्याला ते खुशाल मिळू दे.

दहावी_पिन
सरासरी सोडा, स्पेअर मोजा. प्रत्येक फ्रेममध्ये नऊ पिना पाडून उरलेली एक दुसऱ्या चेंडूत घेतली, तर एकही स्ट्राइक (पहिल्याच चेंडूत दहाही पिना) न मारता १९० होतात. तेच नऊ-नऊ पाडून उरलेली दर वेळी हुकवली तर ९०. शंभर पिनांचा फरक, आणि सगळा दुसऱ्या चेंडूचा! स्ट्राइक ब्रुकलिनलाही पडतो, म्हणजे चेंडू हेडपिनच्या (सर्वांत पुढच्या पिनेच्या) चुकीच्या बाजूला गेला तरी सगळ्या आडव्या. कोपऱ्यात एकटी उभी असलेली दहा नंबरची पिन अशी दया दाखवत नाही. एकट्या पिनेचे किती स्पेअर मिळाले याची टक्केवारी लावा, हँडिकॅपची गरजच नाही.

स्पेअरवाली
माझं टोपणनाव बघून तरी मला हे पटायला हवं होतं, पण नाही पटत. नवख्या माणसाच्या नशिबी एकटी पिन येते कुठे? त्याच्यासमोर तीन-चार उभ्या असतात, नाहीतर स्प्लिट, म्हणजे मधे फट ठेवून उरलेल्या पिना. तुमच्या टक्केवारीत त्याच्या वाट्याला मोजण्याजोगे चेंडूच फार थोडे येतील.

लेन_सात
हे खरं आहे. शिवाय स्पेअर चांगले असणाऱ्याची सरासरीही चांगलीच असते, म्हणजे फिरून स्क्रॅचच. माझा प्रस्ताव असा: दोन बक्षिसं. एक स्क्रॅच सरासरीला. दुसरं सरासरीपेक्षा जास्त पाडलेल्या पिनांना, पण सरासरी मागच्या मोसमाची आणि किमान २१ गेमांची धरायची. ती बदलत नाही, म्हणून या मोसमात हात आखडून काही फायदा नाही. ८१ आणि २७ चा प्रश्नच उरत नाही.

गटरसम्राट
म्हणजे आता अख्खा मोसम आधीपासून सँडबॅगिंग करायचं. मेहनत वाढवलीत.

स्पेअरवाली
आणि जी यंदाच आली, जिच्याकडे मागचा मोसमच नाही?

लेन_सात
तिचे पहिले सात गुरुवार सरासरीत, पुढचे बक्षिसाच्या हिशेबात.

स्पेअरवाली
पहिल्या सातांतच तर नवखी माणसं सगळ्यात झपाट्याने सुधारतात! नेमके तेच वगळणार? मी विरोधातच मत देणार.