दहशतवादी हल्ल्यांनंतर सार्वजनिक ठिकाणी सैनिकांचा पहारा: योग्य की अयोग्य?

उंबरठा (धागाकर्ता):
मोठा हल्ला झाला की दुसऱ्या दिवसापासून स्टेशनं, विमानतळ, प्रार्थनास्थळं, संग्रहालयं अशा ठिकाणी लष्करी गणवेश दिसू लागतात. पहिले काही दिवस हे मला मान्य आहे. पण सैनिकांना वर्षानुवर्षं अशा पहाऱ्यावर ठेवणं चूक आहे, असं माझं ठाम मत आहे.

फ्रान्सचं उदाहरण घ्या. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसमध्ये 'शार्ली एब्दो' या व्यंग-साप्ताहिकाच्या कचेरीवर आणि ज्यूंच्या एका दुकानावर हल्ले झाले. लगेच 'सेंतिनेल' ही लष्करी पहाऱ्याची मोहीम सुरू झाली आणि सुमारे १०,००० सैनिक देशभर उभे राहिले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये १३० माणसं मारली गेली. त्या रात्री हल्ला झालेल्या बाताक्लान नाट्यगृहाबाहेर सैनिक पोचले होते, पण आत शिरायची आज्ञा त्यांना नव्हती. सगळ्यात आधी आत शिरले ते एक पोलीस अधिकारी आणि त्यांचा सहकारी. त्यांच्याकडे फक्त पिस्तुलं होती, तरी एका हल्लेखोराला त्यांनी टिपलं. पुढच्या जुलैत नीसमध्ये गर्दीत ट्रक घुसवून ८६ जणांना मारलं, तिथेही चालकाला रोखलं ते पोलिसांनीच.

शिवाय पहाऱ्यावरचा सैनिक स्वतःच निशाणा होतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये नीसला ज्यू केंद्राबाहेर उभ्या असलेल्या तीन सैनिकांवर चाकूहल्ला झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये पॅरिसलगत एकाने सैनिकांच्या अंगावर गाडी घातली, सहा जखमी झाले. दहा हजार माणसांनी मिळवलं काय, हा माझा प्रश्न आहे.

खडकवाट:
पूर्ण असहमत. काय मिळवलं ते सांगतो.

२० जून २०१७, ब्रुसेल्सचं मध्यवर्ती स्टेशन. एका माणसाने खिळे आणि गॅसच्या बाटल्या भरलेली बॅग पेटवली. स्फोट अर्धवट झाला. तो ओरडत सैनिकाच्या अंगावर धावला आणि सैनिकाने त्याला गोळी घातली. बाकी कुणाला इजा नाही. त्या क्षणी तिथे सैनिक नसता तर तो कुणावर धावला असता?

त्याच वर्षी फेब्रुवारीत पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाजवळ दोन कोयते घेऊन आलेल्याला सैनिकांनीच पाडलं. मार्चमध्ये पॅरिसच्याच ओर्ली विमानतळावर एकाने गस्तीवरच्या महिला सैनिकाला पकडून तिची रायफल हिसकायचा प्रयत्न केला. तिच्या साथीदारांनी त्याला ठार केलं. प्रवाशांनी भरलेल्या विमानतळावर ती रायफल त्याच्या हाती लागली असती तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही.

"सैनिक निशाणा होतात" हा तुमचा आक्षेप मला उलटा वाटतो. हल्लेखोर शाळेच्या फाटकावर न जाता चिलखत घातलेल्या, सशस्त्र माणसावर गेला, तर पहारा कामाला आला. बाताक्लानबद्दल म्हणाल, तर दोष आज्ञेचा होता. आज्ञा बदला, पहारा का उठवता?

रातराणी:
@खडकवाट, ओर्लीचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. सैनिक नसते, तर हिसकायला तिथे रायफलच नसती.

मला खरी काळजी वेगळी आहे. सैनिकाला शत्रूशी लढायला शिकवलेलं असतं. गर्दीतल्या संशयिताशी बोलणं, त्याला शांत करणं, कमीत कमी बळ वापरणं हे पोलिसाचं शिक्षण. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सैन्य १९६९ मध्ये उतरलं, तेव्हा बऱ्याच कॅथलिक वस्त्यांनीही स्वागत केलं होतं. ३० जानेवारी १९७२ ला तिथल्याच डेरी शहरात पॅराशूट रेजिमेंटने मोर्चातल्या नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. तेरा जण गेले, चौदावा काही महिन्यांनी दगावला. त्यांच्यापैकी कुणापासूनही धोका नव्हता, हे चौकशीतून अधिकृतपणे बाहेर यायला २०१० उजाडलं. सैन्य परतलं २००७ मध्ये. थोड्या काळासाठी म्हणून बोलावलेलं सैन्य किती काळ राहतं, याचं हे उत्तर.

खडकवाट:
@रातराणी, डेरीची तुलना इथे लागू होत नाही. तिथे सैन्य आपल्याच नागरिकांच्या मोर्च्यासमोर उभं केलं होतं. इथे आपण संग्रहालयाच्या दाराबद्दल बोलतोय. मोर्चे, दंगली, निदर्शनं यांत सैनिक नकोत, यावर माझं तुमच्याशी भांडणच नाही.

नांगरफाळ:
दोन्ही बाजू एक गोष्ट विसरताहेत. सैनिकाला तिथे उभं राहून करता काय येतं? फ्रान्समध्ये गस्तीवरच्या सैनिकाला पोलिसाचे अधिकार नाहीत. समोरच्या माणसाची हालचाल संशयास्पद वाटली तरी तो त्याची कागदपत्रं तपासू शकत नाही, पोलिसाला बोलवावं लागतं. म्हणजे हल्ला सुरू होईपर्यंत तो फक्त उभा. हल्ल्याआधीचं काम, म्हणजे माहिती काढणं, पाळत, खबरी, ते तिसरीकडेच चालतं. तिथे माणसं कमी पडली, तर दाराशी कितीही बंदुका उभ्या करा.

ब्रिटनने हे बरं हाताळलं. २२ मे २०१७ ला मँचेस्टरमध्ये बॉम्बहल्ल्यात २२ जण गेले. दुसऱ्याच दिवशी सैनिक बोलावले, पण पोलिसांच्या हुकमतीखाली आणि ठरावीक इमारतींच्या पहाऱ्यापुरते. तिथले सशस्त्र पोलीस त्यामुळे मोकळे झाले आणि गर्दीच्या ठिकाणी, तपासाला जाऊ शकले. धोक्याची पातळी उतरली, तसे थोड्याच दिवसांत सैनिक परत गेले. सैनिकाने पोलिसाची जागा घ्यायची ती एवढ्यापुरतीच.

कायमचा सशस्त्र पहारा हवाच असेल, तर त्यासाठी वेगळं दल उभारावं. भारतात विमानतळांसाठी २००० पासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल आहे. ते गृह खात्याच्या हाताखाली आहे, आणि झडती, तपासणी, गर्दी हे त्यांचं रोजचं काम. लष्कराला त्यात ओढावं लागत नाही.

उंबरठा:
@नांगरफाळ, नेमकं हेच. आणि लष्कराचंही नुकसान होतं, त्याबद्दल कुणी बोललं नाही. पहाऱ्यावर गेलेली तुकडी सरावाला नसते. फ्रान्सला २०१५ नंतर भूदलाची लढाऊ संख्या ६६,००० वरून ७७,००० करायचा निर्णय घ्यावा लागला. ज्या तरुणाला सीमेपलीकडच्या मोहिमेसाठी तयार केलं, तो जड चिलखत अंगावर चढवून दिवसभर स्टेशनचे जिने चढतो-उतरतो. घरापासून लांब, सुट्टी रद्द. त्याच्या थकव्याची किंमत आपण धरतच नाही.

@खडकवाट, ब्रुसेल्सचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. तिथे सैनिक जानेवारी २०१५ पासूनच रस्त्यावर होते. तरी २२ मार्च २०१६ ला विमानतळ आणि मेट्रोत ३२ माणसं मारली गेली. आणि ते सैनिक शेवटी परत गेले सप्टेंबर २०२१ मध्ये. साडेसहा वर्षं! सैनिक काढले आणि दुसऱ्या दिवशी हल्ला झाला तर खुर्ची जाईल, या भीतीने कुठलंच सरकार तो निर्णय घेत नाही. म्हणून नेमणुकीच्या आदेशातच शेवटची तारीख लिहिलेली हवी.

खडकवाट:
तारीख जाहीर केली की हल्लेखोर तेवढे दिवस थांबेल. त्याला घाई नसते. आणि प्रशिक्षित पोलीस एका रात्रीत तयार होत नाहीत, भरती ते नेमणूक यात बराच काळ जातो. तो काळ कुणी भरून काढायचा? फ्रान्समधल्या मार्सेयच्या स्टेशनवर ऑक्टोबर २०१७ मध्ये दोन तरुणींना चाकूने मारणारा आणखी कुणाकडे वळू शकला नाही, कारण सैनिक तिथेच होते. तारीख नको. संसदेपुढे ठरावीक काळाने आढावा ठेवा, तो मला चालेल.

रातराणी:
नुसत्या आढाव्याने काही होत नाही. आढावा होतो, मुदतवाढ मिळते. मुदत संपली की नेमणूक आपोआप रद्द आणि पुढे चालवायची असेल तर संसदेत नव्याने मतदान, असा कायदा हवा. म्हणजे "काढा" म्हणणाऱ्याला नाही, "ठेवा" म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागेल.

खडकवाट:
मतदान चालेल. फक्त कुठल्या ठिकाणी किती सैनिक, हे त्या चर्चेत उघड करायचं नाही. ते बंद दाराआड, समितीपुढे.