ट्रेलर ओढायला पेट्रोल पिकअप की डिझेल?

मंदार: कुणी पिकअपमागे ट्रेलर लावून चालवलाय का? कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) भरून साधारण 3200 किलो होईल, वर्षातून चार-पाचदा काढणार, एरवी गाडी ऑफिसला. शोरूमवाला म्हणतोय ओढायचंय तर डिझेलच घ्या

विनूकाका: महागडी गाडी सोडून तो दुसरं सांगणार तरी काय

सुजितदादा: नाही हो काका, ओढायला डिझेलच. 2020 ची फोर्ड सुपर ड्युटी बघा, 7.3 लिटर पेट्रोलला 475 पाउंड-फूट टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर, 6.7 लिटर डिझेलला 1050, तोही 1600 आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे), पेट्रोलचा 4000 ला येतो म्हणजे चढावर इंजिन नुसतं बोंबलत राहणार

विनूकाका: अरे पण ती ताकद लागते आठ-दहा टनवाल्यांना, याचा कॅम्पर सव्वातीन टनसुद्धा नाही. मंदार ऑफिस किती लांब?

मंदार: दहा मिनिटं काका

विनूकाका: मग डिझेलच्या नादी लागू नकोस. हल्लीच्या डिझेलमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो, तो नीट तापला तरच आतली काजळी जळते आणि दहा मिनिटांत तो तापतच नाही, मग चोंदतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि तू गॅरेजच्या चकरा मारत बसतोस. वर धूर साफ करायला ते युरियाचं पाणी भरत राहायचं ते वेगळंच

सुजितदादा: आणि घाट उतरताना काय? डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक असतो, बटण दाबलं की इंजिनाचा बाहेर जाणारा धूर अडतो आणि ब्रेक न तापवता गाडी आवरते

विनूकाका: तो द्यावाच लागतो बाबा, पेट्रोलमध्ये पाय काढला की थ्रॉटल म्हणजे हवेची झडप मिटते, इंजिन हवा ओढायला धडपडतं आणि गाडी आपसूक अडते, डिझेलला ते फारसं नाही. तरी लांब उतार असेल तर सुजितचं बरोबर, तिथे एक्झॉस्ट ब्रेकच भारी

सुजितदादा: उंचीवरही. बिनटर्बोचं, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा नसलेलं पेट्रोल दर 300 मीटरला साधारण 3 टक्के ताकद गमावतं, 2500 मीटरवर पाव ताकद गेली समजा. टर्बो असेल तर एवढं जाणवत नाही, मग पेट्रोल का असेना

अनघाताई: तुम्ही दोघं टॉर्कवरच अडकलायत, पेलोडचं, म्हणजे गाडी स्वतःवर किती वजन पेलते त्याचं कोणी बोलतच नाहीये. कॅम्परच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या कडीवर येतो, मंदारच्या बाबतीत 320 ते 480 किलो, त्यात घरातली माणसं आणि मागे टाकलेलं सामान धर. हे सगळं दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरमधल्या पेलोडमध्ये बसायला पाहिजे. डिझेल इंजिन जड असतं म्हणून त्याच मॉडेलच्या डिझेल गाडीचा पेलोड बहुतेक वेळा कमीच निघतो, जाहिरातीत ओढायचा आकडा मोठा दिसतो पण आधी संपतो तो पेलोड

मंदार: शोरूमवाल्याने हे सांगितलंच नाही ताई. म्हणजे पेट्रोल?

अनघाताई: तुझ्या वापराला मी तरी पेट्रोलच घेईन, टर्बोवालं, ट्रेलरचे ब्रेक गाडीतून लावणाऱ्या ट्रेलर ब्रेक कंट्रोलरसकट. पण नुसत्या ब्रोशरवर जाऊ नकोस, फीचर्स वाढले की पेलोड घटतो, जी गाडी घेणारेस तिच्याच स्टिकरचा फोटो टाक इथे