रेघचिन्हं की चौकटचिन्हं?

टंकणी : डॉसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या संगणकप्रणालीच्या, काळातले तक्ते ┌ ─ ┐ │ अशा चिन्हांनी आखलेले असत. त्यांना 'चौकटचिन्हं' म्हटलं तर चालेल का? आणि तशी फाइल आज उघडली की रेघांच्या जागी परदेशी अक्षरं का दिसतात? फाँट बिघडतो का?

खिळेजुळणी : 'चौकटचिन्हं' नको. 'मराठीच्या जागी चौकटी दिसतात' असं आपण म्हणतो, तो बिघाड निराळा. फाँटमध्ये त्या अक्षराचं चित्रच नसलं की रिकामा चौकोन उमटतो. शिवाय यातलं एकेक चिन्ह म्हणजे चौकट नव्हे, रेघेचा तुकडा. म्हणून 'रेघचिन्हं'. पोटप्रकारांना शब्द घरातच आहेत : ┌ कोपरा, ├ तिठा, ┼ चौक आणि ═ दुरेघी, वहीसारखीच.

फाँट बिघडलेला नाही, संकेतन (कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर हा करार) चुकलंय. फाइलमध्ये चित्र नसतं, आकडा असतो. १९८१च्या आयबीएम पीसीवरच्या कोड पेज ४३७ या अक्षरतक्त्यात १७९ ते २१८ हे आकडे रेघचिन्हांचे : १७९ │, १९१ ┐, १९६ ─, २१८ ┌. विंडोजच्या पश्चिम युरोपीय भाषांसाठीच्या विंडोज-१२५२ या तक्त्यात १९६ म्हणजे डोक्यावर दोन ठिपके असलेला जर्मन 'ए'. आडवी रेघ असायची तिथे त्याचीच रांग लागते.

आपल्या इस्कीत, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण संकेतनात (आयएस १३१९४ : १९९१), याच आकड्यांवर देवनागरी बसवलेली आहे. १७९ क, १९१ ड, १९६ द, २१८ काना. त्यामुळे ┌──┐ ही वरची कड इस्की म्हणून वाचली तर आधी निराधार काना आणि मग 'ददड'.

उभीरेघ : एक भर. त्या आकड्यांचा क्रम वाटेल तसा नाही. आयबीएमच्या मोनोक्रोम कार्डावर अक्षराचं घर ९ ठिपके रुंद होतं, साठवलेलं चित्र मात्र ८. नववा रकाना कोरा राहिला तर आडवी रेघ घराघराला तुटणार. म्हणून १९२ ते २२३ या आकड्यांपुरता आठवा रकाना नवव्यात पुन्हा उमटवत. १७९ ते १९१ ही तेराही चिन्हं पाहा, एकाचाही हात उजवीकडे जात नाही. उजवा हात असलेली सगळी १९२पासून पुढे. फार देखणी योजना आहे ही!

टंकणी : मग फाइल दुरुस्त कशी करायची?

खिळेजुळणी : आधी एक पथ्य : भलती अक्षरं दिसत असताना 'सेव्ह' करू नका. यूटीएफ-८मध्ये (युनिकोड साठवायच्या आजच्या नेहमीच्या पद्धतीत) सेव्ह झालं की तो जर्मन 'ए'च खरा होऊन बसतो. मूळ फाइलची प्रत घ्या. नोटपॅड++मध्ये एन्कोडिंग, कॅरॅक्टर सेट्स, वेस्टर्न युरोपियन, ओईएम-यूएस (म्हणजेच ४३७) असं निवडा. रेघा सरळ दिसल्या की मगच यूटीएफ-८मध्ये रूपांतर करून जपून ठेवा.

युनिकोडमध्ये रेघचिन्हांना ९४७२ ते ९५९९ अशा १२८ जागा आहेत. यूटीएफ-८मध्ये ─ ची तीन बाइट होतात : २२६, १४८, १२८. पडद्यावर टोपीवाला 'ए', मिटतं अवतरणचिन्ह आणि युरोचं चिन्ह असं त्रिकूट पुन्हा पुन्हा आलं, तर फाइल आधीच यूटीएफ-८ आहे, वाचणारा ती विंडोज-१२५२ समजतोय. तिला ४३७ लावलंत तर गोंधळ वाढेल.

उभीरेघ : रेघा नीट आल्या तरी मराठी मजकुराच्या ओळीत उजवी कड आत सरकते, तेही संकेतनाचंच. 'शब्दचर्चा' डोळ्याला चार अक्षरं, युनिकोडमध्ये नऊ संकेतांक, यूटीएफ-८मध्ये २७ बाइट. सी भाषेत ३० रुंदीचा रकाना मागितला तर तो बाइट मोजून तीनच मोकळ्या जागा भरतो. रुंदी पडद्यावरच्या घरांत मोजणारं फंक्शन वापरावं, आणि काना-वेलांटीला टर्मिनल किती घरं देतं ते आधी त्याच टर्मिनलवर तपासावं. वेब पानावर │ तुटक दिसत असेल तर ओळीची उंची (लाइन-हाइट) १ करा, रेघ बहुधा सलग होईल.